बापाचं कर्ज आणि केसांचा कलप

लॉरिआल कंपनीची गोष्ट कुणीही सांगितली तरी सुरू होते ती घरातल्या ओट्यापाशी. १९०७ च्या सुमाराला पॅरिसमध्ये युजेन शुलेर नावाचा सव्वीस वर्षांचा रसायनशास्त्रज्ञ रात्री राहत्या घरात कलप घोटायचा आणि दिवसा त्या बाटल्या घेऊन केशकर्तनकारांचे उंबरे झिजवायचा. भांडवल ८०० फ्रँक. आईबाप रू द्यू शेर्श-मिदी या रस्त्यावर केक-पेस्ट्रीचं दुकान चालवणारे. बाप मूळचा आल्सेसकडचा. तोवर बाजारात मिळणाऱ्या कलपांत शिशाचे नाहीतर चांदीचे क्षार असत. केस काळे होत, पण टाळूची आग होई आणि रंग असा बसे की चार हातांवरूनही ओळखू यावा. शुलेरचा कलप त्या मानानं सौम्य होता. ३० जुलै १९०९ रोजी त्यानं कंपनी नोंदवली, तीही 'केसांसाठी निरुपद्रवी कलपांची फ्रेंच कंपनी' अशा लांबलचक, सरकारी वाटणाऱ्या नावानं. कलपाचं नाव मात्र झोकदार होतं, 'ओरेआल'. तेव्हाच्या एका केशरचनेवरून उचललेलं. ज्या फ्रेंच शब्दाशी त्याचं नातं आहे त्याचा अर्थ प्रभावळ, आपल्याकडे देवाच्या मूर्तीमागे असते ती.

ही गोष्ट खरी आहे, आणि चांगलीही आहे. पहिल्या महायुद्धात शुलेर तोफखान्यात लढला, पदकं मिळवली, आणि मागे बायकोनं धंदा सांभाळला. परत आल्यावर त्यानं साबणाची कंपनी घेतली, रंगाच्या कारखान्यात पाय रोवले, स्त्रियांसाठी 'व्होत्र बोते' हे मासिक काढलं, १९३४ मध्ये 'दॉप' शाम्पू आणला. फ्रान्समध्ये तेव्हा केस वरचेवर धुण्याची पद्धत नव्हती. रेडिओवरच्या जाहिरातगाण्यांनी त्यानं लोकांना ती लावली. आपल्या शिकेकाईवाल्या आज्यांनी हे ऐकलं असतं तर तोंडाला पदर लावला असता, पण ते असो.

माझी तक्रार एवढीच आहे की ही गोष्ट अर्धी आहे, आणि उरलेली अर्धी सांगण्याची जबाबदारी कंपनीची आहे की नाही हा प्रश्न अजून नीट सुटलेला नाही. तो फ्रेंचांचा घरगुती प्रश्न आहे असंही मला वाटत नाही. संस्थापकाची तसबीर भिंतीवर लावणाऱ्या प्रत्येक कंपनीला तो लागू होतो.

१९३६ मध्ये फ्रान्समध्ये लेऑं ब्लूम यांचं पॉप्युलर फ्रंट सरकार आलं. कामगारांना पहिल्यांदाच कायद्यानं दोन आठवड्यांची भरपगारी सुटी मिळाली आणि लोक समुद्रकिनाऱ्यांवर लोटले. शुलेरनं त्याच्या आदल्याच वर्षी, १९३५ मध्ये, उन्हापासून वाचवणारं 'आंब्र सोलेर' तेल बाजारात आणलं होतं. म्हणजे डाव्या सरकारनं दिलेल्या सुट्यांनी त्याचं तेल खपवलं. आणि याच काळात तो त्या सरकारला उलथू पाहणाऱ्या एका गुप्त संघटनेला पैसे पुरवत होता. तिचं टोपणनाव 'कागूल', म्हणजे तोंडावर ओढायचं टोपडं. म्होरक्या युजेन देलोन्क्ल. हे लोक नुसते चहा पीत बंडाच्या गप्पा मारत बसणारे नव्हते. त्यांनी शस्त्रांचे साठे केले, बॉम्ब उडवले, आणि जून १९३७ मध्ये नॉर्मंडीत कार्लो आणि नेल्लो रोसेल्ली या दोन इटालियन फॅसिस्टविरोधी भावांचा खून केला. त्याच वर्षाअखेर कट उघडकीला आला.

१९४० मध्ये जर्मनांनी पॅरिस घेतल्यावर देलोन्क्लनं उघडपणे नवा पक्ष काढला. त्याच्या फ्रेंच नावाची आद्याक्षरं एमएसआर, म्हणजे 'सामाजिक क्रांतिकारी चळवळ'. शुलेर त्यात वरच्या फळीत होता, आर्थिक धोरणाची बाजू त्याच्याकडे होती. पक्षाच्या कार्यक्रमात वंशशुद्धीची भाषा होती. २ ऑक्टोबर १९४१ च्या रात्री पॅरिसमधल्या अनेक सिनेगॉगवर बॉम्ब टाकण्यात आले. ते देलोन्क्लच्या माणसांनी एसएस या नाझी दलाच्या मदतीनं टाकले होते. शुलेरनं बॉम्ब टाकला असं कुणी म्हणत नाही. पैसा, नाव आणि प्रतिष्ठा पुरवणाऱ्याचे हात कधीच मळत नाहीत, एवढंच मी म्हणेन.

मला अधिक अस्वस्थ करतो तो त्याचा विचार, कारण तो आजही सभ्य कपडे घालून वावरतो. १९४१ मध्येच शुलेरनं अर्थव्यवस्थेच्या क्रांतीवर पुस्तक लिहिलं. त्याची आवडती कल्पना 'प्रमाणशीर वेतन', म्हणजे जेवढं उत्पादन तेवढा पगार. कल्पना वेडगळ नव्हती. पुढे त्यानं सगळे कर रद्द करून केवळ ऊर्जेवर एकच कर लावावा असाही प्रचार केला, आणि त्यावर आजही कुणी अर्थशास्त्री तासभर बोलू शकेल. गडबड पुढच्या पायरीवर आहे. आपला कारखाना ज्या शिस्तीनं चालतो त्या शिस्तीनं देश का चालत नाही, असा त्याचा सवाल होता. निवडणुका, संसद, वादविवाद ही त्याच्या लेखी वाया गेलेली कामाची वेळ. देश म्हणजे मोठी कंपनी, नागरिक म्हणजे नोकर, आणि मालक अर्थात शहाणा. आपल्याकडे 'देशाला एक चांगला सीईओ पाहिजे' असं जेवणाच्या टेबलावर म्हणणाऱ्यांना शुलेरचं नावही ठाऊक नसतं. पण तो मनुष्य याच वाटेनं, एकेक तर्कशुद्ध पाऊल टाकत, देलोन्क्लच्या बैठकीपर्यंत पोचला. नोकराला कामावरून काढता येतं. नागरिकाला काढून टाकायचं ठरवलं की त्याचं काय करायचं हा प्रश्न उरतो, आणि त्या वर्षांत त्याचं उत्तर देणारे लोक शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

युद्ध संपल्यावर शुलेरवर चौकशी बसली आणि तो सुटला. त्यानं ज्यूंना आणि प्रतिकार चळवळीतल्या लोकांना मदत केल्याचे साक्षीदार उभे राहिले. काही मदत त्यानं खरोखर केलीही असावी. दोन्ही डगरींवर हात ठेवणारी माणसं फ्रान्समध्ये तेव्हा रगड होती. त्याच्या बाजूनं उभ्या राहिलेल्यांत आंद्रे बेतांकूर होता. १९५० मध्ये तो शुलेरची एकुलती एक मुलगी लिलियान हिचा नवरा झाला.

इथून पुढे गोष्ट एका माणसाची न राहता एका वसतिगृहाची होते. तिसाव्या दशकात पॅरिसच्या रू द व्होझिरारवर, १०४ क्रमांकाच्या इमारतीत, मारिस्ट पाद्र्यांनी चालवलेल्या वसतिगृहात तीन तरुण राहत होते: आंद्रे बेतांकूर, फ्रान्स्वा दाल आणि फ्रान्स्वा मितराँ. दाल शुलेरच्या साबण कंपनीत लागला आणि चढत गेला. युद्ध संपल्यावर हाताला काम नसलेल्या मितराँना शुलेरच्या 'व्होत्र बोते' मासिकाचं संपादकपद मिळालं. पुढे चौदा वर्षं फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष राहिलेला मनुष्य काही काळ सौंदर्यविषयक मासिक सांभाळत होता, हे मला दर वेळी नव्यानं गमतीचं वाटतं. बेतांकूरनं जर्मनांच्या ताब्याच्या काळात 'ला तेर फ्रान्सेझ' या शेतकऱ्यांच्या पत्रात ज्यूद्वेषी लेख लिहिले होते. नंतर तो प्रतिकार चळवळीत गेला, सन्मान मिळाले, द गॉल आणि पाँपिदू यांच्या काळात मंत्री झाला. ते लेख पुन्हा बाहेर आले १९९० च्या दशकात. तेव्हा त्यानं खेद व्यक्त केला आणि लॉरिआलमधलं पद सोडलं.

दाल हा मला या कहाणीतला सगळ्यात विचार करायला लावणारा माणूस वाटतो. शुलेर १९५७ मध्ये वारला आणि कंपनीची सूत्रं दालकडे आली. ती १९८४ पर्यंत त्याच्याकडे होती. आजची लॉरिआल खऱ्या अर्थानं त्यानं उभी केली. १९६१ मध्ये मोठ्या साहेबांच्या जिव्हाळ्याचा साबण त्यानं अमेरिकन प्रॉक्टर अँड गॅम्बलला विकून टाकला, १९६३ मध्ये कंपनी शेअर बाजारात आणली, १९६४ मध्ये लाँकोम आणि १९६५ मध्ये गार्नियर घेतली. १९७४ मध्ये नेस्लेशी करार झाला. डाव्यांचं सरकार आलं तर कंपनीचं राष्ट्रीयीकरण होईल या धास्तीनं बेतांकूर कुटुंबाच्या हिश्श्याचा जवळजवळ अर्धा भाग नेस्लेकडे गेला आणि बदल्यात नेस्लेचे शेअर आले. 'जे सुरू होतंय ते पकडा' हे दालचं ब्रीद. उद्या काय येणार ते त्याला दिसायचं. काल काय होऊन गेलं ते विचारायचं नाही, हाही त्याचा नियम होता, आणि तो कुठल्या परिपत्रकात नव्हता.

तो नियम कसा चालायचा ते पाहायचं तर जाक कोरेझकडे पाहावं. हा देलोन्क्लचा उजवा हात. पॅरिसमधल्या ज्यूंच्या मालमत्ता बळकावण्यात पुढे, पुढे जर्मनांच्या बाजूनं रशियन आघाडीवर लढलेला. १९४८ मध्ये त्याला दहा वर्षं सक्तमजुरीची शिक्षा झाली, पण १९४९ मध्येच तो सुटला. मग त्याला नोकरी दिली लॉरिआलनं, आधी स्पेनमध्ये, नंतर अमेरिकेत. तिथं त्यानं कंपनीचे केसांचे रंग विकणारी 'कॉस्मेर' मोठी केली. धंद्यात मनुष्य अव्वल. १९८० च्या दशकात हेलेना रुबिन्स्टाइन ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी लॉरिआलच्या पदरात पडली त्या व्यवहारातही तो पुढे होता. हेलेना रुबिन्स्टाइन पोलंडमधल्या क्राकूवची ज्यू बाई. ज्यू म्हणून न्यूयॉर्कमध्ये फ्लॅट नाकारला गेला तेव्हा तिनं ती आख्खी इमारतच विकत घेतली होती, असा तिचा दरारा. तिच्या नावाची कंपनी ज्याच्या हातून घेतली गेली तो हा.

त्यात आणखी एक गाठ होती. रुबिन्स्टाइनच्या कंपनीचे इस्रायलशी संबंध होते, म्हणून इस्रायलशी व्यवहार करणाऱ्यांवर बहिष्कार घालणाऱ्या अरब लीगच्या कार्यालयाशी लॉरिआलची बोलणी सुरू झाली. लॉरिआलच्या चित्रपट व्यवसायातल्या एका उपकंपनीचा भागीदार जाँ फ्रीदमान, जो स्वतः ज्यू आणि प्रतिकार चळवळीतला होता, त्याचा आरोप असा की त्या बोलण्यांपायी आपल्याला तिच्या संचालक मंडळावरून बाजूला सारलं. भांडण पेटलं आणि त्या आगीच्या उजेडात कोरेझचा भूतकाळ, पाठोपाठ बेतांकूरचे लेख, सगळं दिसू लागलं. कोरेझनं १९९१ मध्ये राजीनामा दिला आणि काही दिवसांतच तो वारला. कुणा इतिहासकाराच्या चिकाटीतून हे बाहेर पडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते बाहेर पडलं एका धंद्यातल्या कज्ज्यातून. कंपन्यांचा इतिहास बहुतेक असाच बाहेर पडतो.

आता मूळ प्रश्न. हे सगळं आजच्या कंपनीच्या माथी मारायचं का?

आपल्या जुन्या हिंदू कायद्यानं या प्रश्नाचा चांगला कीस काढला आहे. मिताक्षरा या जुन्या ग्रंथाप्रमाणे बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य. बापाच्या आत्म्याची त्याशिवाय सुटका नाही. मुंबई प्रांतात हे इतकं ताणलं गेलं होतं की बापाकडून छदाम मिळाला नसला तरी मुलगा बांधलेला. १८६६ च्या मुंबईच्या कायद्यानं ते थांबवलं: वारशात जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतीच जबाबदारी. दुसरा अपवाद जुन्या शास्त्रकारांनीच ठेवला होता, अव्यावहारिक ऋणाचा. जुगार, दारू, अनीतीची कामं यांसाठी बापानं केलेलं देणं मुलावर येत नाही. आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर तर केवळ या धर्मकर्तव्याच्या जोरावर मुलगा, नातू किंवा पणतू यांच्याकडून वसुली करता येत नाही.

मी याच दोन अपवादांच्या मधोमध उभा आहे. शुलेरचं पाप हे अव्यावहारिक ऋण आहे. ते त्याच्या नातीवर नाही, पणतवंडांवर नाही, आणि पुण्याजवळ चाकणच्या लॉरिआलच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या पोरावर तर नाहीच नाही. कुणी कलपाच्या पाकिटावर बहिष्कार घाला म्हणालं तर मी त्याच्याबरोबर जाणार नाही. आमच्याच घरात आरशाशेजारी गार्नियरची पाकिटं असतात. पण १८६६ चं कलम मात्र लागू होतं. वारसा जेवढा घेतलात तेवढ्यापुरतं देणं आलंच. शुलेरच्या हुशारीची, ओट्यावरच्या रंगाची, 'आम्ही मुळात शास्त्रज्ञांची कंपनी' या अभिमानाची कमाई कंपनी आजही खाते. तिचं नोंदणीकृत कार्यालय आजही पॅरिसच्या १४, रू रोयाल या जुन्याच पत्त्यावर आहे. संस्थापक हा तिच्या लेखी संपत्ती आहे. मग खतावणीत जमेच्या बाजूला जो माणूस मांडलात, तो नावेच्या बाजूला गाळता येत नाही. शरम कुणी मागत नाही, हिशेब मागतो आहे.

यावर लोक म्हणतात, न्यायालयानं सोडलं, संपलं. न्यायालयानं शिक्षा द्यायची की नाही एवढंच ठरवलं. काय घडलं ते लिहायचं की नाही हे ठरवणं त्याचं कामच नव्हतं. आणि युद्धानंतरच्या फ्रान्सला कारखाने सुरू हवे होते, जुन्या वह्या उघडायला कुणालाच सवड नव्हती. दुसरं म्हणतात, सगळेच तसे होते. हे अर्धं खरं आहे. सुगंधी द्रव्यांचा बादशहा फ्रान्स्वा कोटी (या नावावर कोटी करायचा मोह मोठ्या कष्टानं आवरतो) यानं 'फिगारो' हे दैनिक विकत घेतलं, फॅसिस्ट वळणाच्या संघटनांना पैसे दिले आणि १९३३ मध्ये स्वतःचीही एक काढली. कोको शानेलनं १९४१ मध्ये ज्यूविरोधी कायद्यांचा आधार घेऊन आपल्या ज्यू भागीदारांकडून अत्तराची कंपनी हिसकावायचा प्रयत्न केला. पण मग सगळ्यांचंच लिहा. सगळेच तसे होते, हे काहीच न लिहिण्याचं कारण कसं होतं?

जर्मनांकडे पाहावं. त्यांच्यावर दडपण जास्त होतं हे खरं, आणि त्यांनीही आपखुशीनं सुरुवात केली असं नाही. पण फोक्सवागेननं हान्स मॉमसेन या इतिहासकाराला दफ्तर उघडून दिलं आणि वेठबिगार मजुरांची हकिगत १९९६ मध्ये जाडजूड ग्रंथात छापून आली. बेर्टेल्समान या प्रकाशनसंस्थेनं नाझींशी टक्कर दिल्याची कथा वर्षानुवर्षं मिरवली होती. १९९८ मध्ये तिनं इतिहासकार सॉल फ्रीडलेंडर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि २००२ मध्ये तिनंच नेमलेल्या समितीनं ती कथा खोटी ठरवली. राइमान कुटुंबाचं उदाहरण आपल्या विषयाला तर अगदी खेटून आहे, कारण या कुटुंबाच्या गुंतवणूक कंपनीकडे आज कोटीच्या कंपनीचा मोठा वाटा आहे. आपले वाडवडील कट्टर नाझी होते आणि कारखान्यात वेठबिगार राबवत होते हे त्यांनी स्वतः नेमलेल्या इतिहासकाराच्या शोधावरून २०१९ मध्ये मान्य केलं आणि १ कोटी युरोंची देणगी जाहीर केली. एवढं करून यांपैकी कुणाचं दुकान बंद पडलं नाही. लॉरिआलची २०२४ ची विक्री ४३ अब्ज युरोंच्या वर आहे. एका इतिहासकार समितीचा पगार तिला जड जाणार नाही.

कंपनीनं हे का करावं, याला मी नीतीपेक्षा व्यवहाराचं कारण देईन. न विचारण्याची सवय एका जागी थांबत नाही. जिथं 'तू १९४१ मध्ये काय करत होतास' हे विचारायचं नसतं, तिथं हळूहळू इतरही गोष्टी विचारायच्या नसतात. २०१० मध्ये फ्रान्स हादरला तो लिलियान बेतांकूरच्या खानसाम्यानं गुपचूप केलेल्या ध्वनिमुद्रणांनी. म्हातारीकडून एका छायाचित्रकाराला गेलेल्या अफाट भेटी, स्विस खाती, आणि अर्थसंकल्प मंत्र्याची बायको तिच्याच संपत्तीची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीत नोकरीला. छायाचित्रकाराला शिक्षा झाली, मंत्री निर्दोष सुटला. पण ती ध्वनिमुद्रणं ऐकताना ज्यांना रू द व्होझिरारचं वसतिगृह आठवलं, त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. पैसा, सत्ता आणि मैत्री यांचा तोच जुना दिवाणखाना, फक्त पडदे बदललेले.

लिलियान २०१७ मध्ये गेली. तिची मुलगी फ्रान्स्वाझ हिनं बायबलवर आणि ज्यू-ख्रिस्ती संबंधांवर ग्रंथ लिहिले आहेत. तिचा नवरा जाँ-पिएर मेयेर्स ज्यू आहे. त्याचे आजोबा रोबेर मेयेर्स धर्मगुरू, रब्बी, होते आणि आउशवित्झमध्ये मारले गेले. २०२५ मध्ये फ्रान्स्वाझनं संचालक मंडळावरची जागा सोडली आणि उपाध्यक्षपद तिचा थोरला मुलगा जाँ-विक्तोर याच्याकडे आलं. आपल्याकडे श्राद्धाला बसलेला माणूस बापाकडच्या तीन पिढ्यांची नावं घेतो आणि आईकडच्या तीन पिढ्यांचीही. श्राद्धाचा नियम थोडा सैल करून जाँ-विक्तोरनं आईच्या आईकडचीही नावं घेतली तर एका ओळीत रब्बी रोबेर मेयेर्स येतील आणि दुसऱ्या ओळीत युजेन शुलेर, दोघंही त्याचे पणजोबा. घरात ही दोन्ही नावं उच्चारली जात असतीलच. कंपनीच्या इतिहासात एकाचाच फोटो लागतो.